मेच्या दुपारचं अंगण

तुम्ही राहता त्या इमारतीत पौष महिन्यातलं ऊन दुपारी बारा वाजता कुठं पडतं, आणि त्या उन्हात कोण बसलेलं असतं, हे तुम्हाला सांगता येईल का? खिडकीकडे न बघता सांगायचं. येत नसेल, तर दुसऱ्याच्या इमारतीबद्दल मत देताना जरा थांबा. मी थांबले नव्हते, आणि त्याची गोष्ट मला सांगायची आहे.

हा प्रश्न मुळात माझा नाही. लखनऊला आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मॉडेल शिकवणारे एक सर होते. पहिल्या तासाला ते एकेकाला उभं करून हाच प्रश्न विचारायचे. उत्तर कुणालाच येत नसे. एका मुलानं हुशारी केली. म्हणाला, सर, हमारे यहाँ तो धूप आती ही नहीं. आम्ही हसलो. सर मात्र खूश झाले.

"चलिए, एक आदमी को तो अपना घर मालूम है," ते म्हणाले आणि त्याला बसवलं. बाकीचे आम्ही तासभर उभे.

सर मूळचे वाईचे. तिशीच्या आत लखनऊला आले आणि तिथलेच झाले. मराठी वाईची राहिली, हिंदी मात्र पक्की लखनवी झाली. वर्गात झापतानाही 'आप' म्हणायचे. "आपने जो बनाया है जनाब, उसमें आप खुद रहिएगा?" असं इतक्या अदबीनं विचारायचे, की झापलं हे घरी गेल्यावर कळायचं. वर्गात मराठी मी एकटीच, त्यामुळे माझी हजेरी ते मराठीत घेत. इतरांना कळू नये हा हेतू. पण त्यांचे हातवारे बघून सगळ्या वर्गाला नीट कळायचं.

कॉलेजात त्यांना 'गत्तेवाले सर' म्हणत. गत्ता म्हणजे पुठ्ठा. विकतच्या पांढऱ्या शुभ्र बोर्डाला आणि थर्माकोलला ते हात लावू देत नसत. मॉडेल करायचं ते मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचं, आगपेट्यांचं, चारबाग स्टेशनावर फलाटावर पडलेल्या जाड तिकिटांचं. पांढऱ्या बोर्डात सगळ्याच इमारती सुंदर दिसतात, हा त्यांचा आक्षेप. पेढ्याच्या खोक्यात सुंदर दिसली तर खरी. दिवाळीत ते सहकाऱ्यांच्या घरी जायचे, मिठाईला नको म्हणायचे आणि रिकामी खोकी मागून आणायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगायच्या, "लोकांचे नवरे दिवाळीला मिठाई आणतात. आमच्याकडे खोकी येतात, आणि त्यांना मुंग्या."

चिकटवायला मैद्याची खळ. किडे लागू नयेत म्हणून तीत विषारी मोरचूद. ही खळ ते जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात आणत, वरच्या पुडात पोळीभाजी. काकूंनी घाबरून खळीच्या पुडाला लाल सुतळी बांधली होती. सर ती सुतळी माप घ्यायला सोडून घेत आणि परत बांधायची विसरत. ते इतकी वर्षं जगले हे आम्हाला एक आश्चर्यच वाटे.

लखनऊतली मराठी मंडळी गणपतीला एकत्र जमत. बँकेतली, संशोधन संस्थांतली, छावणीतल्या अधिकाऱ्यांची दोन-चार कुटुंबं. मखर सरांकडे. दरवर्षी ते शहरातली एक इमारत घेत आणि तिच्यावरून मखर करत. लोकांची अपेक्षा असायची एखाद्या देवळाची, निदान महालाची. सर घेत पाण्याची टाकी. एका वर्षी त्यांनी चारबागची सिग्नल केबिन घेतली. उंच जिना, वर चहूबाजूंनी काचा, आत गजानन. छावणीतल्या एका कर्नलसाहेबांच्या पत्नी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण यात देवाचं वाटावं असं काय आहे?"

"वहिनी, तिथं बसलेल्या माणसाला येणारी-जाणारी प्रत्येक गाडी दिसते," सर म्हणाले. "तो झोपला तर काय होईल, विचार करा. यांचंही काम तेच ना?"

वहिनींनी हात जोडले. गणपतीला की सरांना, ते कळलं नाही.

मॉडेल शिकवण्याची त्यांची रीत अशी. शहरातली एक खरी इमारत निवडायची. तिच्यावरून स्वतःच्या नव्या इमारतीची कल्पना सुचवायची आणि तिचं मॉडेल करायचं. नियम एकच: जुन्या इमारतीतून एकच गोष्ट घ्यायची. दोन घेतल्या तर नक्कल. पहिल्या सरावाला आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी इमामबाडा घेतला, लखनऊत दुसरं काय सुचणार. एकानं महिनाभर खपून कमानी कापल्या, कागदी जाळ्या, वरचे कंगोरे, सगळं. सरांनी ब्लेड काढलं आणि एकेक कमान हलक्या हातानं सोडवायला सुरुवात केली. तोडली नाही एकही. सगळ्या एका लिफाफ्यात भरल्या, लिफाफा त्या मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, ये ज़ेवर हैं, घर में सँभालकर रखिए, बहन की शादी में काम आएँगे. मग उरलेला पुठ्ठा दाखवून विचारलं, आता काय राहिलं?

मुलगा रडकुंडीला आला होता. बराच वेळ बघून म्हणाला, अँधेरा, सर. मोटी दीवार के अंदर ठंडा अँधेरा.

"बस. यही लीजिए. इतना ही लीजिए."

तो मुलगा आता वाळवंटी भागात दवाखाने बांधतो. त्याच्या दवाखान्यांत पंखा बंद पडला तरी रोगी कावत नाहीत, असं ऐकते.

आणि माणूस. सरांच्या कुठल्याही विद्यार्थ्याचं मॉडेल माणसाशिवाय पुरं होत नसे. माणूस म्हणजे जळकी काडी, मापाप्रमाणे तोडलेली, काळं डोकं वर. काडी लावली की चौकशी सुरू. याचं नाव काय? इथं कशाला आलाय? चप्पल कुठं काढतो? नाव सांगता आलं नाही तर सर काडी उपटून परत देत. "हा माणूस तुमच्याकडे राहत नाही," म्हणत. आम्ही मग खोटी नावं सांगायचो. रामप्रसाद, रामलाल, रामअवतार. तिसऱ्या रामला सर म्हणायचे, इस मोहल्ले में चिट्ठी ग़लत घर जाती होगी.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण पुढच्या गोष्टीत माझा हात आहे. माझे वडील बँकेत आणि बँकेतल्यापेक्षा जास्त युनियनमध्ये. आमच्या घरात पाहुण्याला बसायला जागा कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आणीबाणीत ते गठ्ठे आईनं पिठाच्या डब्यात लपवले, आणीबाणी उठल्यावर परत बाहेर आले, पिठासकट. कॉलेजात गेले तोवर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले होते. हिंदीत लिहायची, आणि वाक्याच्या शेवटी जमेल तिथं मूठ वळायची.

सरांना एक दिलं. अमीनाबादेतल्या भरतकाम करणाऱ्या बायकांना दलाल कसे नागवतात, यावर होतं. मला त्याचा अभिमान होता. सरांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मग खिशातून आगपेटी काढली, एक जळकी काडी काढली आणि कागदाच्या मधोमध ठेवली.

"ही कोण?"

मी म्हटलं, सर, कष्टकरी स्त्री.

"नाव काय तिचं?"

मला राग आला. इतका, की मी आठवडाभर त्यांच्याशी हिंदीत बोलत होते.

त्या वर्षी हिवाळ्यात आम्ही संप केला. मागण्या रास्त होत्या, आजही मला तसंच वाटतं. वसतिगृहात पाणी नव्हतं, ग्रंथालय चारला बंद व्हायचं. पत्रकं अर्थात माझी. दोन-अडीच महिने वर्ग बंद. संप आम्ही जिंकलो, पण वर्षाचं वेळापत्रक पार कोसळलं. सरांची इमारतीची पाहणी नेहमी थंडीत व्हायची आणि उन्हाळ्यात दुसरी. एकच इमारत दोन ऋतूंत बघितल्याशिवाय ते वर्षाच्या मोठ्या मॉडेलला हात लावू देत नसत. त्या वर्षी थंडी संपात गेली. वरून हुकूम आला की जूनच्या आत काम संपवा. सर प्राचार्यांकडे गेले, परत आले, आणि पहिल्यांदाच नियम मोडायला तयार झाले. एकच पाहणी. मेमध्ये.

पाहणी गटानं, मॉडेल ज्याचं त्याचं, आणि इमारत सर देत. माझ्या गटाला मिळाली अमीनाबादच्या मागच्या गल्लीतली एक जुनी सराय. कधीकाळी प्रवाशांची होती. आता तिच्यात कुटुंबं राहत. चारी बाजूंनी ओवऱ्या आणि मधे मोठं थोरलं चौकोनी अंगण. आम्ही गेलो ती वेळ भर दुपारची. लू, म्हणजे भाजणारा वारा, सुटली होती, अंगणाच्या फरशीवर पाऊल ठेववत नव्हतं. सगळ्या ओवऱ्यांवर चिका सोडलेल्या. चिक म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. मुलं चिकेपलीकडे जाऊ शकत नव्हती, आत बायका असणार. मी जाऊ शकत होते. गटात मुलगी मी एकटीच, म्हणूनच तर सरांनी ही सराय आमच्या गटाला दिली होती. पण मला घाई होती. संध्याकाळी एक सभा होती आणि तिचं पत्रक लिहायचं राहिलं होतं. मी फीत धरली, अंगण मोजलं, आणि नकाशावर अंगणाच्या जागी हिंदीत एक शब्द लिहिला: ख़ाली.

म्हणजे रिकामं.

मॉडेल मात्र झकास झालं. संपाच्या उरलेल्या पत्रकांचा मी लगदा केला आणि त्याच्या भिंती घातल्या. सर म्हणाले, "कुणी वाचली नाहीत तरी भिंती बऱ्या उभ्या राहतायत." सरायीतून मी एकच गोष्ट घेतली, ते अंगण. आणि त्यावर घातलं छप्पर. पुठ्ठ्याच्या घड्यांचं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधे एकही खांब नाही. माझ्या डोक्यात होतं लोकांचं सभागृह. कामगारांच्या सभा होतील, बायकांचे मेळावे होतील. मी काड्याही लावल्या, भरपूर. सरांनी नावं विचारली. मी म्हटलं, सर, ही सभा आहे, सभेला नावं नसतात. एरवी त्यांनी सगळ्या काड्या उपटल्या असत्या. पण वेळ नव्हता, आणि मला वाटतं, ते मॉडेल त्यांनाही आवडलं होतं. त्यांनी पाहणीच्या अहवालावर, त्याला जोडलेल्या माझ्या नकाशासकट, सही केली.

परीक्षणाला एका सरकारी खात्याचे एक अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. माझ्या मॉडेलभोवती तीनदा फिरले. त्यांच्या खात्याला त्याच भागात बाजार बांधायचा होता आणि सराय पाडावी की ठेवावी यावर घोळ चालला होता. हे बघून त्यांचे डोळे चमकले. सराय ठेवायची, अंगणावर छप्पर टाकायचं, खाली दुकानं. वारसाही राहिला, बाजारही झाला. मॉडेल आणि आमचा अहवाल ते गाडीत घालून घेऊन गेले. प्राचार्यांनी आम्हाला चहा पाजला. माझं काम सरकारनं उचललं, या आनंदात दुकानं हा शब्द माझ्या कानात शिरलाच नाही.

डिसेंबर संपत आला तेव्हा सरांनी मला बोलावलं. म्हणाले, थंडीची पाहणी राहिली आहे. मी म्हटलं, सर, मार्क देऊन झाले, मी तिसऱ्या वर्षाला आहे.

"मार्क तुला मिळाले. सरायीला अजून मिळायचे आहेत. चल."

रिक्षानं गेलो. धुकं दहाच्या सुमाराला हटलं होतं, स्वच्छ ऊन पडलं होतं. सर दारात थांबले आणि मोठ्यानं खोकले. बायका असतील अशा कुठल्याही जागी शिरण्याआधी ते असं खोकत, आणि मग विचारत, हुज़ूर, आ जाएँ? आतून एक म्हातारा आवाज आला, आ जाइए.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चटया, गोधड्या, बाजा टाकून बायका बसल्या होत्या, तीसेक तरी. प्रत्येकीच्या मांडीवर पांढरं कापड आणि हातात सुई. चिकनकारी. पांढऱ्या कापडावर पांढरा धागा. ऊन सरकेल तशा त्या चटया सरकवत होत्या, अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, सगळ्या मिळून, बोलता बोलता. ज्यांच्यावर मी पत्रक लिहिलं होतं, त्या या.

तो म्हातारा आवाज एका जाड चष्म्याच्या बाईंचा होता. सगळ्या त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"आप गर्मियों में आई थीं न? फ़ीता लेकर?"

मी विचारलं, तुम्ही कुठं होतात?

"चिक के पीछे. सब वहीं थे. आपको देख रहे थे." हातातलं काम थांबलं नव्हतं. "आपने पूछा ही नहीं. हमने सोचा दीवारें नापने आई हैं, आदमियों से इन्हें क्या काम."

बाकीच्या हसल्या. टोमणा होता, पण त्यात विष नव्हतं, म्हणून जास्त लागला.

सरांनी खालांना विचारलं, इथं वर छप्पर आलं तर? दिवे लावले तर?

खालांनी कापड आमच्याकडे धरलं. उन्हात टाका दिसत होता, बारीक तांदळाच्या दाण्यासारखा. मग त्यांनी कापड स्वतःच्या सावलीत घेतलं. टाका नाहीसा झाला.

"सफ़ेद पर सफ़ेद है, भाई साहब. बल्ब में नहीं दिखता. चार महीने की यह धूप है, इसी में साल भर का बारीक काम निकलता है. छत डाल दीजिए तो हम क्या करेंगे, रोटियाँ गिनेंगे?"

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. असं त्यांनी दोनदा केलं. बाहेर गल्लीत आल्यावर मी बोलायला लागले. आजच पत्रक काढते, खात्याच्या दारात वाटते, या बायकांचा मोर्चा नेते, यांच्या पोटावर पाय द्यायची त्यांची हिंमत कशी होते ते बघतेच. सर ऐकत चालले होते. पानाच्या दुकानापाशी थांबले.

"कुणाविरुद्ध काढतेस?"

"खात्याविरुद्ध."

"त्यांना आपणच दिलंय ते. नकाशात तू लिहिलंस, खाली मी सही केली. त्यांनी वाचलं, एवढंच केलं." मग जरा मऊ आवाजात, "पत्रकात काय लिहिशील? आम्ही चिक उचलली नाही, असं लिहिशील? तेवढं लिहिणार असशील तर आज रात्री लिही, मी वाटायला येतो."

मला लिहिता आलं नाही. माझ्याकडच्या सगळ्या शब्दांना दुसरा कुणीतरी दोषी लागत होता.

मी दुसरं काम केलं. सरांनी सांगितलं म्हणून आठवडाभर रोज सरायीत गेले. फीत नेली नाही, वही नेली. कोण कुठं बसतं, किती वाजता सरकतं, कोणता टाका घालते, नाव काय. एकतीस नावं झाली. शकीला, म्हणजे खालाच, चष्मा, मुर्रीचं, म्हणजे त्या तांदळाच्या दाण्यासारख्या टाक्याचं काम. तिची सून नूरजहाँ, जाळीचं काम, मूल पाठीशी झोपलेलं. रेहाना, एकच डोळा, तरी सगळ्यांत बारीक हात. पत्रकात ही माणसं मला 'शोषित' म्हणून माहीत होती. इथं कळलं की रेहाना भयंकर थापाडी आहे आणि नूरजहाँला सासूपेक्षा जास्त भाव मिळतो, म्हणून घरात जरा तणाव आहे.

खात्याच्या बैठकीला सरांना बोलावणं होतंच, आपल्या विद्यार्थिनीचं काम मंजूर होताना बघायला. मलाही नेलं. लांब टेबल, वर काच, काचेवर मधोमध माझं मॉडेल. प्राचार्य होते. त्या अधिकाऱ्यांनी सरांची ओळख करून दिली, चांगले चार शब्द बोलले. सर उठले. डबा उघडला. वरच्या पुडातून पोळीभाजीऐवजी ब्लेड आणि आगपेटी काढली.

मॉडेलच्या छपराची कड त्यांनी ब्लेडनं सोडवायला सुरुवात केली.

अधिकारी खुर्चीतून अर्धवट उठले. "प्रोफ़ेसर साहब, यह आप क्या कर रहे हैं?"

"ग़लती निकाल रहा हूँ, जनाब. ज़रा वक़्त लगेगा, गोंद अच्छा लगा है. बच्ची ने मेहनत की थी."

इमामबाड्याच्या कमानी सोडवताना होता तितकाच हलका हात. पुठ्ठा सुटताना कुरकुरायचा, तेवढाच आवाज. छप्पर निघालं, त्यांनी ते बाजूला उलटं ठेवलं. सभेच्या माझ्या बिननावाच्या काड्या उपटल्या. मग आगपेटी उघडली आणि मला म्हणाले, वाच.

मी नाव वाचायची, ते काडी लावायचे. शकीला, बाराला अंगणातल्या विहिरीजवळ. नूरजहाँ, तिच्या डाव्या हाताला. रेहाना. एकतीस काड्या लागेपर्यंत सगळे बसून होते. एक-दोघांनी घड्याळं बघितली, पण उठलं कुणी नाही. सरांच्या अदबीपुढं उठणं अवघड होतं.

शेवटी अधिकारी म्हणाले, आवाज चढलेला नव्हता, पण थंड होता, "लेकिन रिपोर्ट में तो साफ़ लिखा है, आँगन ख़ाली. नीचे आपके दस्तख़त हैं."

"जी. इसीलिए आया हूँ. वह दस्तख़त ग़लत है."

त्यांनी अहवाल मागून घेतला. माझ्या अक्षरातल्या 'ख़ाली' या शब्दापुढे पेनानं लिहिलं: मई की दोपहर में. त्याच्याखाली अजून एक ओळ: पाहणी एकाच ऋतूत झाली, चूक माझी, आणि परत सही. त्या सहीनं अहवाल रद्द झाला. त्याच सहीनं त्यांची बढतीही हुकली. विभागप्रमुखाची जागा त्या वर्षी रिकामी होणार होती आणि ती सरांचीच, असं सगळे धरून चालले होते. बाहेर पडताना प्राचार्य एवढंच म्हणाले, "लिखकर देने की क्या ज़रूरत थी, भाई? ज़बानी कह देते." जागा दुसऱ्याला मिळाली. सर शेवटपर्यंत मॉडेलच शिकवत राहिले.

रिक्षात मी त्यांना म्हटलं, सर, शब्द माझा होता, माझं नाव घ्यायला हवं होतं. ते म्हणाले, "तुला अजून पुष्कळ सह्या करायच्यात. पहिलीच खोटी ठरली तर पुढं दर सहीला हात थरथरेल." मग रिक्षातून उतरता उतरता, "आणि छप्पर फार छान होतं गं. वाईट वाटलं काढताना."

बाजार पुढे रस्त्याच्या बाजूला झाला. अंगण उघडं राहिलं.

सरांचा आणखी एक नियम होता: परीक्षण संपलं की मॉडेल मोडायचं, म्हणजे मुलं त्याच्या प्रेमात अडकत नाहीत. हे एक त्यांनी मोडलं नाही. सरायीत नेऊन खालांना दिलं. पुढच्या हिवाळ्यात गेले तर त्याच्या ओवऱ्यांत धाग्याची रिळं ठेवलेली, एकेका खोलीत एकेकीची. पत्रकाच्या भिंतींवरची माझी अक्षरं धाग्यांमागे अर्धवट दिसत होती. 'साथियो' एवढं वाचता आलं. माझ्या कुठल्याच पत्रकाचा याहून चांगला उपयोग झालेला मला माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर सर वाईला परतले. चारबागला आम्ही सोडायला गेलो. सामानात दोन ट्रंका रिकाम्या खोक्यांच्या. हमाल उचलून चकित, साहब, इसमें है क्या? हवा, सर म्हणाले. नंतर पोस्टकार्डं यायची. प्रकृती, काकूंचे गुडघे, आणि शेवटी न चुकता: पौषात सरायीत जाऊन आलीस का? मागच्या वर्षी पोस्टकार्ड काकूंच्या हातचं आलं. सर गेले. आवरताना त्यांच्या डब्याच्या खालच्या पुडात खळ वाळून दगड झाली होती, आणि सुतळी बांधलेली नव्हती, असं काकूंनी लिहिलं होतं.

त्या दिवशी गल्लीत जे पत्रक मला लिहिता आलं नाही, ते मी आज लिहिलं आहे. तुमच्या हातात आहे ते तेच. पत्रकाच्या शेवटी मागणी असते, आणि ही मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे.

तुमच्या गावाच्या नकाशात 'मोकळी जागा' असं लिहिलेली एखादी जागा असेल. त्या जागेवर काही होण्याआधी तिथं एकदा वैशाखात जा आणि एकदा पौषात जा, भर दुपारी. तिथं जी माणसं सापडतील त्यांची नावं विचारून कागदावर लिहा, कोण कुठं बसतं तेही लिहा, आणि नकाशा ज्यांच्या कपाटात आहे त्यांच्या टेबलावर तो कागद स्वतः नेऊन ठेवा, तुमच्या सहीनिशी. आणि जिथं कुणीच दिसणार नाही, चिक सोडलेली असेल, तिथून मोजमाप घेऊन परतू नका. दारात उभं राहून मोठ्यानं खोका. आत येऊ का, विचारा. या म्हणाले, की चिक उचला.